बेणारेबाईंचा खटला

चाकणच्या कंपनीतली पाळी संपवून आलेल्या आणि गोठ्यातलं आवरून बसलेल्या, सगळ्यांना नमस्कार. आज एका शिक्षिकेच्या खटल्याची गोष्ट. बाई नाटकातल्या आहेत, पण असा खटला आपल्या आळीतही चालतो.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आलं. दिग्दर्शक होते अरविंद देशपांडे. लीला बेणारे झाल्या सुलभा देशपांडे. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला, त्यातही सुलभाताईच होत्या.

मुंबईची एक नाटकमंडळी खेड्यात प्रयोगाला येते. वेळ काढायला खोटा खटला खेळायचं ठरतं. आरोपी कोण, तर बेणारेबाई. आरोप भ्रूणहत्येचा. बघता बघता खेळ खरा होतो. बाई लग्नाच्या नाहीत आणि त्यांना दिवस गेलेत, हे सगळ्यांसमोर उघडं केलं जातं. त्यांना ओढत पिंजऱ्यात आणते तीही एक बाईच. शाळेतली नोकरी जाणार, हेही तिथंच कळतं. प्रोफेसर दामले या सगळ्याला तितकेच जबाबदार, पण ते तिथं नाहीतच. त्यांना कुणी जाब विचारत नाही.

त्याच सुमारास, १९६२ साली, इंग्लंडमध्ये ‘टर्म ऑफ ट्रायल’ हा चित्रपट आला. लॉरेन्स ऑलिव्हिए त्यात शिक्षक आहेत. एक विद्यार्थिनी त्यांच्यावर खोटा आळ घेते आणि शेवटी कोर्टात खरं बोलते. तिथं निदान खरं कोर्ट होतं. बेणारेबाईंना बोलायला मिळाले फक्त दहा सेकंद.

म्हणून तक्रार दाबायची का? मुळीच नाही. कामावर कुणी त्रास दिला तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवीच. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. समिती दोन्ही बाजू ऐकते आणि नावं गुप्त ठेवते.

गटाच्या बैठकीत मात्र गैरहजर बाईची चौकशी भरवायची नाही. कुणी विषय काढलाच, तर एवढंच विचारा: “यातले दामले कुठं आहेत?”