तरवारीची परीक्षा

तरवार पाहतांना आपली दृष्टि प्रथम मुठीकडे जाते. सोन्याचा मुलामा, राजमुकुटाची आकृति, चकचकीत म्यान यांनीं डोळे दिपतात. परंतु रणांगणावर ज्याचा जीव त्या शस्त्रावर अवलंबून असतो, त्याचें भवितव्य पात्यावर असतें, आणि पात्याचें त्यास दिलेल्या पाण्यावर. पाणी फार कडक झालें तर पातें कांचेसारखें तुटतें. मऊ राहिलें तर वांकतें तें सरळ होत नाहीं. वरून मात्र दोन्ही पातीं सारखींच तेजस्वी! म्हणून ब्रिटिश शस्त्रांच्या प्रतीचा इतिहास हा मुख्यतः त्यांच्या परीक्षेचा इतिहास आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत खुद्द इंग्लंडांतच इंग्लिश पात्यांवर फारसा विश्वास उरला नव्हता. जर्मनींतील झोलिंगेनचीं पातीं जकातीवांचून आणूं द्यावीं, असा अर्ज लंडनच्या तरवारवाल्यांनींच १७८३ सालीं सरकारकडे केला. बर्मिंगहॅमचा कारखानदार टॉमस गिल यास हें साहवलें नाहीं. दोन्ही देशांचीं पातीं एकाच कसोटीस लावा, असा त्यानें आग्रह धरला. ज्या ईस्ट इंडिया कंपनीनें १७८२ सालीं मराठ्यांशीं सालबाईचा तह केला, तिलाच १७८६ सालीं घोडेस्वारांसाठीं १०,००० तरवारी हव्या होत्या. तेव्हां पातीं यंत्रांत घालून वांकविण्यांत आलीं. गिलच्या २,६५० पात्यांतून अवघीं ४ नापास झालीं. जर्मनांच्या १,४०० पैकीं २८. आणि इतर इंग्लिश कारखानदारांच्या २,७०० पैकीं १,०८४! तात्पर्य, देशाचें नांव हें प्रतीचें प्रमाण नव्हे. करणाऱ्याचा हात आणि परीक्षकाचा कडकपणा हेंच प्रमाण.

पुढील शतकांत लंडनच्या हेन्री विल्किन्सननें ही परीक्षा आपल्या धंद्याचा पायाच केली. त्यानें पातीं पारखण्याचें यंत्र तयार केलें. उत्तीर्ण पात्यांत मुठीजवळ पितळेची लहान चकती बसविण्यांत येई. १८५४ च्या सुमारास पात्याच्या पाठीवर अनुक्रमांक घालण्याचा प्रघात पडला, व त्याची नोंद वहींत राहूं लागली. त्या आंकड्यावरून तरवारीचें साल आजहि काढतां येतें. परंतु चकतीचा लौकिक होतांच इतर विक्रेत्यांनींहि तशाच चकत्या बसविल्या. खूण उचलणें सोपें. तिच्यामागची परीक्षा उचलणें कठीण.

या ढिलाईची किंमत शिपायाला द्यावी लागते. १७ जानेवारी १८८५ रोजीं सुदानांत अबू क्ली येथें हातघाईची लढाई झाली, तींत ब्रिटिश शिपायांच्या संगिनी वांकल्या. विलायतेंत मोठा गवगवा झाला. फेरतपासणींत पुष्कळ संगिनी कुचकामाच्या ठरल्या.

दुसऱ्या महायुद्धांत हाच प्रश्न निराळ्या स्वरूपांत उभा राहिला. शांघायच्या पोलीसदलांत काम केलेले फेअरबेर्न व साइक्स यांनीं नोव्हेंबर १९४० मध्यें विल्किन्सन कंपनीकडून कमांडो सैनिकांसाठीं दुधारी सुरा करविला. आरंभीच्या सुऱ्यांची आडपट्टी नागमोडी होती; पुढें ती सरळ झाली, आणि १९४३ मध्यें ओतीव धातूची वलयांकित मूठ आली. सौंदर्य घटलें, पण थोड्या वेळांत पुष्कळ सुरे हवे होते. त्याच १९४३ सालीं त्याच कंपनीचा वृद्ध कारागीर टॉम बीझली यानें शेफील्डच्या पोलादाची स्टालिनग्राडची मानाची तरवार हातानें घडविली. २९ नोव्हेंबरला तेहरान येथें चर्चिल यांनीं ती स्टालिन यांच्या हातीं दिली. तिनें कोणी लढणार नव्हतें. तरीहि पातें खरेंच केलें गेलें.

विल्किन्सननें २००५ सालीं तरवारी करणें बंद केलें. आज कोणास जुनी ब्रिटिश तरवार पाहण्याचा योग आला, तर त्यानें मुलामा शेवटीं पाहावा. आधीं पातें सरळ आहे काय, पन्हळ दोन्ही बाजूंस सारखी आहे काय, कोरीव नक्षी स्वच्छ आहे काय, मूठ डळमळते काय, हें पाहावें. मग चकती व आंकडा. मात्र जुनें पातें स्वतः वांकवून पाहूं नये. ती परीक्षा एकदां होऊन गेलेली असते.

शाळेंत आयुष्य गेलेल्या माणसाला यांत नवल वाटत नाहीं. प्रशस्तिपत्र कितीहि सुंदर छापलेलें असो, परीक्षा कोणीं आणि कशी घेतली, यावरच त्याची किंमत ठरते.