तळटीप : कॉर्बा

* कॉर्बा : लेखकाने हे नाव ओझरते घेतले आहे, आजच्या वाचकाला ते परिचित असेलच असे नाही. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या १९८९ साली स्थापन झालेल्या संघाने १९९१ मध्ये हे मानक प्रसिद्ध केले. सोलारिसवर सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या घटकाने विंडोजवरच्या जावा घटकाला थेट काम सांगावे, हा हेतू. दोघांतला करार आयडीएल या तटस्थ भाषेत लिहायचा. त्यावरून प्रत्येक भाषेचा जोडकोड कंपायलर तयार करून देई. पहिल्या मानकात संदेश तारेवरून कसा जावा हेच ठरले नव्हते, म्हणून दोन कंपन्यांची उत्पादने एकमेकांशी बोलत नसत. ती उणीव दुसऱ्या आवृत्तीतल्या आयआयओपी या संदेशवहनाच्या नियमावलीने भरून काढली.

खरी मेख बाइटांच्या क्रमात आहे. ४ बाइटांतला १ हा आकडा स्पार्क प्रोसेसर ००-००-००-०१ असा ठेवतो, तर इंटेल ०१-००-००-०० असा. गल्लत झाली की १ चे १,६७,७७,२१६ होतात! कॉर्बात पाठवणारा आपल्याच क्रमाने पाठवतो, संदेशाच्या मथळ्यात त्या क्रमाची खूण ठेवतो आणि गरज पडल्यास उलटापालट घेणारा करतो. दोन्ही यंत्रे एकाच क्रमाची असली तर कुणालाच श्रम पडत नाहीत. इतकी शहाणी तडजोड संगणकशास्त्रात विरळाच.

जावाच्या ११व्या आवृत्तीतून (२०१८) कॉर्बा वगळले गेले. या प्रकरणातली उदाहरणे चालवून पाहायची असल्यास आठवी आवृत्ती वापरावी. – संपादक