‘फोनो’ सॉकेटची कुळकथा

जुन्या स्टीरिओ रिसीव्हरच्या पाठीमागे ‘फोनो’ लिहिलेली सॉकेटची जोडी असते, शेजारी एक बारका स्क्रू. टेप, ट्यूनर इतर कुठल्याही जोडीत वाजतात. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईमागच्या चुंबकी कार्ट्रिजचं सोवळं मात्र वेगळं.

एक तर ती बिचारी अशक्त. जेमतेम ५ मिलिव्होल्ट देते. सीडी प्लेअर देतो २ व्होल्ट, म्हणजे चारशे पट. शिवाय रेकॉर्ड मुद्दामच वाकडी कोरलेली असते! खर्ज आहे तसा कोरला तर खाचेला फार जागा लागते, म्हणून तो दाबतात. सुईच्या खरखरीवर मात करायला वरचे सूर उचलतात. दोन्ही टोकांना हा फेरफार सुमारे २० डेसिबलचा. वाजवताना तो उलटा फिरवायचा. पूर्वी प्रत्येक कंपनीचा हिशेब निराळा होता. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ‘आरआयएए’ या संघटनेने एकच ठरवला. ‘फोनो’ सॉकेटच्या मागे हेच गणित बसलेलं असतं.

त्याच्याही आधी, १९३०च्या दशकात मद्रासमध्ये (आजच्या चेन्नईत) ए. व्ही. मेय्यप्पन यांचं सरस्वती स्टोअर्स हे दुकान ओडियन कंपनीच्या रेकॉर्ड विकत होतं, तेव्हा चावीच्या ग्रामोफोनला वायरच नव्हती. त्याच दशकात आरसीए कंपनीने ग्रामोफोन रेडिओला जोडण्यासाठी छोटा प्लग काढला. ब्रिटिश त्याला आजही ‘फोनो’च म्हणतात.

पुढे स्वस्त प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज आली. ती जोरकस, तिला या सॉकेटची गरजच नाही; उलट तिथे जोडली तर आवाज फाटतो. ब्रह्मदेशातून परतलेल्यांसाठी वसलेल्या मद्रासच्या बर्मा बाजारात फॉरेनचा माल मिळायचा, आणि अण्णा सालईलगतच्या रिची स्ट्रीटवर सुटे भाग. जुना रिसीव्हर जागा करणाऱ्याची पायधूळ तिथे झडणारच.

खरी परीक्षा कार्ट्रिजच्या चार पिनांची. पांढरी-निळी डावीकडची, लाल-हिरवी उजवीकडची. क्लिपा चिमट्याने सरकवायच्या. पिनेवर डाग द्यायला गेलात तर उष्णतेने आतलं नाजूक वेटोळं जायचं. अर्थची वायर रिसीव्हरमागच्या त्या बारक्या स्क्रूखाली आवळली नाही तर घूंऽऽ सुरू. चेन्नईच्या खाऱ्या, दमट हवेत क्लिपांवर गंज चढतो, तो वेगळाच. एकाच बाजूच्या दोन वायरी उलट लागल्या तरी आवाज येतो, म्हणून चूक पटकन सापडत नाही. फक्त खर्ज विरतो: मृदंगाची डावी, भारदस्त बाजू तेवढी गायब होते.