घरझडती आणि माळावरचे बिऱ्हाड

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे काखेत वा जांघेत गाठ येऊन तीव्र ताप चढणाऱ्या प्लेगचे निदान केले आणि काही महिन्यांतच ही साथ पुण्यात पोहोचली. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला प्रवाशांची तपासणी व संशयितांचे विलगीकरण करण्याचे व्यापक अधिकार दिले, आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने मार्चपासून गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. रुग्णाची रवानगी रुग्णालयात होई, तर घरच्यांची सेग्रिगेशन कॅम्पात, म्हणजे संशयितांच्या छावणीत. मागे राहिलेल्या घराची जमीन उकरली जाई, भिंतींना चुना फासला जाई आणि अंथरूण-पांघरूण जाळले जाई.

अशा स्थितीत आजार उघड करणे म्हणजे घर मोडणे, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले. तापलेल्या माणसाला माळ्यावर किंवा अडगळीच्या खोलीत दडवणे, मृत्यू झाल्यास तो बाहेर कळू न देणे आणि जमेल त्याने गावाकडची वाट धरणे हे त्याचेच परिणाम होत. देवघरात बुटांसह शिरणारे शिपाई आणि परपुरुषांकडून होणारी स्त्रियांची तपासणी यांमुळे संताप वाढला. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मुसलमान विणकरांच्या वस्तीतील एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल पेटली, तेव्हा हा विरोध एका जातीधर्मापुरता नव्हता हेही स्पष्ट झाले.

मात्र विलगीकरण लोकांना मुळातच अमान्य होते, असा निष्कर्ष काढता येत नाही. घरात उंदीर पडू लागले, म्हणजे मरून आढळू लागले, की गावेच्या गावे उठत आणि माळावर झोपड्या घालून राहत; धान्य, भांडी, जनावरे आणि म्हातारीकोतारी माणसे यांसह बिऱ्हाड हलत असल्याने तीन दगडांच्या चुलीवर का होईना, पण घर टिकून राही. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत केलेल्या प्रयोगांतून उंदरांवरील पिसवा रोग पसरवतात असे दिसून आले, आणि पुढे ते मान्य झाल्यावर उंदरांच्या घरापासून दूर जाण्याचा हा मार्ग शास्त्रालाही धरून होता हे सिद्ध झाले. दरम्यान सरकारनेही सक्तीची धार बोथट केली.

सक्तीने कुटुंब विस्कटले आणि रोग दडला. माळावर कुटुंब एकत्र राहिले आणि रोगापासून दूरही गेले, हा त्या काळाचा सर्वांत महत्त्वाचा धडा होय. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्रात १८९७ चाच कायदा लागू करण्यात आला. मूळच्या चार कलमांच्या त्या कायद्यात कुटुंबाचा उल्लेख कोठेही नव्हता.