वसईचा गोन्सालो : क्रुसाआधीची पंचवीस वर्षं

५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकी बंदरावरच्या निशिझाका टेकडीवर एका ओळीत सव्वीस क्रूस उभे केले गेले. त्यांवर वीस जपानी होते, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपल्या वसईचा. वसईच्या त्या माणसाचं नाव गोन्सालो गार्सिया. वय साधारण चाळीस.

वसईत राहणाऱ्याला हे नाव नवं नाही. किल्ल्यातल्या एका पडक्या चर्चला त्याचं नाव आहे, कॉलेजला आहे, आजूबाजूच्या अनेक मुलांनाही आहे. मीही हे नाव ऐकतच मोठा झालो. पण आम्हाला सांगितली गेलेली गोष्ट नेहमी शेवटच्या दिवसाची असायची: क्रूस, भाले, रक्त, स्वर्ग. रक्तसाक्षी म्हटलं की आयुष्यातला एकच दिवस मोजायचा, अशी आपल्याला सवय लागली आहे. इतिहास वाचू लागल्यावर मला त्या दिवसापेक्षा त्याआधीची पंचवीस वर्षं जास्त महत्त्वाची वाटू लागली. पावित्र्य हा शब्द कुठे कमावला जातो, हे त्या वर्षांत दिसतं.

गोन्सालोचा जन्म १५५६-५७च्या सुमाराचा. वसई १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे आली होती. त्याचे वडील पोर्तुगीज सैनिक, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइट धर्मगुरूंकडे तो शिकला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानला पोचले होते, त्याला तेव्हा वीस-पंचवीस वर्षंच झाली होती. युरोपातून आलेल्या फादरांना जपानी शिकताना घाम फुटायचा. हा पोरगा मात्र ती भाषा बोलायला लागला, तीही अशी की लोक ऐकत राहावेत. जवळपास आठ वर्षं त्याने धर्मशिक्षक म्हणून काम केलं.

त्याला जेझुइट संघात प्रवेश हवा होता. तो मागत राहिला, उत्तर 'थांब' असं येत राहिलं. त्या काळात पोर्तुगीज हिंदुस्थानातले धर्मसंघ इथल्या किंवा मिश्र रक्ताच्या माणसांना आत घ्यायला फार नाखूश असत. काम करायला चालत, संघाचा झगा घालायला चालत नसत. म्हणजे गोन्सालोच्या आयुष्यातला पहिला मोठा त्रास कुठल्या राजाने दिलेला नाही. तो त्याच्याच घरातून, त्याच्याच चर्चमधून आला.

हा भाग प्रवचनांत फारसा येत नाही. पण आपल्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला येणारा त्रास याच जातीचा असतो. जीव मागणारा सम्राट कुणाला भेटतो? 'तू आमच्यातला नाहीस' असं गोड शब्दांत सांगणारी माणसं मात्र सगळ्यांना भेटतात.

शेवटी तो निघाला आणि व्यापारी झाला. भाषा येत होती, बंदरं ओळखीची होती, धंदा चांगला चालला. गोष्ट इथे संपली असती तरी कुणी त्याला नावं ठेवली नसती. तरीही काही वर्षांनी चालता धंदा सोडून तो फिलिपिन्समधल्या मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. फादर म्हणून नव्हे, ब्रदर म्हणून. ब्रदर म्हणजे मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार नाही, मान कमी आणि कष्ट जास्त. एकदा नाकारलेल्या माणसाने दुसऱ्यांदा दार ठोठावलं आणि आत गेल्यावर सगळ्यात खालची पायरी घेतली. मला त्याच्या पावित्र्याची पहिली खूण इथे दिसते. नकाराचा कडवटपणा त्याने गिळला होता, आणि तो त्याला बाधला नव्हता.

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन फादरांना वकील म्हणून जपानला पाठवलं. दुभाषी होता गोन्सालो. जपानची सत्ता तेव्हा तोयोतोमी हिदेयोशीच्या हातात होती. कोरियावर स्वारी केलेला हा सेनानी क्यूशू बेटावरच्या नागोया किल्ल्यात तळ देऊन होता, आणि मनिलाने आपलं मांडलिकत्व पत्करावं असा त्याचा आग्रह होता. त्याच्यापुढे बसून एका बाजूचा अहंकार दुसऱ्या बाजूच्या भाषेत नेणारा माणूस वसईचा होता. फ्रान्सिस्कनांना राहायची परवानगी मिळाली. त्यांनी क्योतो शहरात चर्च बांधलं आणि कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय उघडलं. ज्यांना कुणी शिवत नव्हतं त्यांच्या जखमा हे लोक धुवायचे.

परवानगीची जमीन भुसभुशीत होती. हिदेयोशीने १५८७ सालीच धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. तो काटेकोरपणे राबवला गेला नव्हता, पण मागेही घेतला नव्हता. त्यामुळे जेझुइट बेताने, आवाज न करता काम करत. फ्रान्सिस्कन उघड उपदेश करत. दोन्ही संघांचं आपसात पटत नव्हतं. एकामागे पोर्तुगाल, दुसऱ्यामागे स्पेन.

ऑक्टोबर १५९६मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलं 'सान फेलिपे' हे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्यावर फुटलं. त्यातला प्रचंड माल जप्त झाला. गलबताच्या सुकाणूवाल्याने नकाशा दाखवून बढाई मारली, की आमचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो आणि मागून सैन्य, असं सांगितलं जातं. तो नेमकं काय बोलला यावर जेझुइट आणि फ्रान्सिस्कन एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. हिदेयोशीने मात्र धरपकडीचा हुकूम काढला.

चोवीस जण पकडले गेले. जानेवारी १५९७मध्ये क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. हुकूम नाक-कान कापण्याचा होता, अधिकाऱ्याने तो सौम्य केला. मग गाड्यांत बसवून क्योतो, ओसाका आणि साकाई शहरांतून धिंड काढली. तिथून नागासाकीपर्यंत महिनाभराची वाट, ऐन थंडीत. वाटेत त्यांची देखभाल करणारे दोघे ख्रिस्तीही कैद्यांत सामील केले गेले आणि आकडा सव्वीस झाला.

त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि बाकीचे सतरा साधे प्रापंचिक लोक होते. सगळ्यात धाकटा लुई इबाराकी बारा वर्षांचा. तोमास कोझाकी चौदा वर्षांचा. तो आणि त्याचे वडील दोघेही या तांड्यात होते. वाटेत तोमासने आईला पत्र लिहिलं: आमच्यासाठी दुःख करू नकोस, धाकट्या भावांकडे लक्ष दे, अशा आशयाचं. ते पत्र वडिलांच्या अंगावर सापडलं, रक्ताने माखलेलं. पॉल मिकी या जपानी जेझुइटाने क्रुसावरून शेवटचा उपदेश केला आणि मारणाऱ्यांना क्षमा केली. जपानी पद्धतीत क्रुसाला खिळे नसत. हातपाय आणि गळा कड्यांनी-दोरांनी बांधत आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसत.

इथवरची गोष्ट अभिमानाची आहे. पण ती इथेच थांबवली तर ती अर्धी राहते.

गोन्सालो ज्या फ्रान्सिस्कन संघाचा होता, त्याच संघाच्या लोकांनी त्याच्या जन्माआधी बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांतल्या शिवमंदिराचं चर्च केलं होतं. पोर्तुगीज मुलखात देवळं पाडली जात होती. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं आणि त्याचा अंमल वसईवरही चालला. म्हणजे एकाच शतकात, एकाच क्रुसाच्या नावाने, इकडे लोकांना श्रद्धेसाठी त्रास दिला जात होता आणि तिकडे जपानात लोक श्रद्धेसाठी मरत होते. हिदेयोशीची भीती हवेतली नव्हती. धर्मगुरूंच्या मागून सैन्य आल्याची उदाहरणं जगभर होती.

मग गोन्सालोला संत मानायचं की साम्राज्याचा प्यादा? मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर त्याच्या हातांकडे बघून द्यावं. साम्राज्याचा फायदा घेण्याची संधी त्याला व्यापारी म्हणून मिळाली होती, ती त्याने सोडली. त्याच्या हातात शस्त्र नव्हतं, अधिकार नव्हता. दुभाष्याची जीभ आणि कुष्ठरुग्णाचं बँडेज, एवढंच होतं. पावित्र्य आणि सत्ता एकाच झेंड्याखाली चालत असली तरी त्यांना वेगळं ओळखता येतं. सत्ता दुसऱ्याला गुडघ्यावर आणते, पावित्र्य स्वतः गुडघ्यावर बसून जखम धुतं. छळ सोसला म्हणून कुणी आपोआप पवित्र होत नाही. सोसलेला छळ पुढे दुसऱ्याचा छळ करण्यासाठी परवाना म्हणूनही वापरता येतो, आणि इतिहासात तो अनेकदा वापरला गेला आहे.

पुढे जे घडलं त्याने हा प्रश्न आणखी खोल नेला. १६१४ साली तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. १६२२ साली त्याच निशिझाकावर पंचावन्न जणांना मारलं. मग राज्यकर्त्यांच्या लक्षात आलं की मारण्याने रक्तसाक्षी तयार होतात. त्यांनी नवी युक्ती काढली: फुमी-ए. ख्रिस्ताचं किंवा मरियेचं चित्र जमिनीवर ठेवायचं आणि प्रत्येकाने त्यावर पाय द्यायचा. नागासाकी भागात दरवर्षी ही तपासणी व्हायची.

ज्यांनी पाय दिला नाही ते मेले. पण कितीतरी जणांनी दिला. पाय देऊन ते घरी आले आणि दार लावून त्यांनी पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. पुढची अडीचशे वर्षं त्यांच्याकडे ना फादर होता ना चर्च. गावातलाच एक जण बाप्तिस्मा द्यायचा, एक जण सणांच्या तारखा सांभाळायचा. बौद्ध कान्नोनच्या मूर्तीत ते मरियेला बघायचे. शुसाकु एंदो यांची 'सायलेन्स' ही १९६६ची कादंबरी याच काळावर आहे. तिच्यावर मार्टिन स्कॉर्सेसींनी २०१६ साली काढलेला सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल.

क्रुसावर चढलेला गोन्सालो पवित्र, हे सांगणं सोपं आहे. दरवर्षी चित्रावर पाय देऊन रात्री रडणारी आई पवित्र की नाही? तिने आपल्या मुलांना प्रार्थना शिकवली, त्यांनी त्यांच्या मुलांना. सात-आठ पिढ्या. चर्चच्या संतांच्या यादीत तिचं नाव कधीच येणार नाही. पण धर्म टिकला तो तिच्यामुळे.

आणि या दोघांची गाठ इतिहासानेच घालून दिली. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीस जणांना संतपद दिलं. नागासाकीत तेव्हा परदेशी लोकांपुरती चर्च बांधायला परवानगी मिळाली होती. फ्रेंच धर्मगुरूंनी ओउरा इथे चर्च बांधून ते या सव्वीस रक्तसाक्षींना, म्हणजे वसईच्या गोन्सालोलाही, अर्पण केलं. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावची काही माणसं त्या चर्चमध्ये आली. त्यातली एक बाई फादर बर्नार्ड पेतिजाँ यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, की आमचं आणि तुमचं मन एकच आहे. मग तिने मरियेचा पुतळा कुठे आहे, असं विचारलं.

अडीचशे वर्षं लपलेले लोक उघड झाले ते रक्तसाक्षींच्या घरात. न झुकलेल्यांच्या छपराखाली, झुकून टिकलेल्यांची लेकरं आली. त्यांच्यावरचं संकट मात्र संपलं नव्हतं. लवकरच उराकामीच्या तीन हजारांहून जास्त लोकांना गावातून उचलून देशभर हद्दपार केलं गेलं. त्यातले सहाशेहून अधिक परत आले नाहीत. १८७३ साली बंदीचे फलक उतरले.

वसईतही याची एक वेगळी प्रतिकृती घडली होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज निघून गेले. राजा गेला की त्याचा धर्मही जाईल, असं कुणाला वाटलं असेल तर ते खोटं ठरलं. वाडीत केळी-पानवेली लावणाऱ्या, मराठीच्या बोली बोलणाऱ्या साध्या माणसांनी तो मराठ्यांच्या राज्यात, शेजाऱ्यांसोबत, चालू ठेवला. सत्तेचं छत्र गेल्यावर जे उरतं तेच खरं आपलं असतं.

म्हणून वसईच्या किल्ल्यात गेलात, तर गोन्सालोच्या नावाच्या चर्चपाशी थोडं थांबा. फक्त क्रूस आठवू नका. आठ वर्षं 'थांब' ऐकणारा तरुण आठवा, चालता धंदा सोडणारा व्यापारी आठवा, दुसऱ्यांचे शब्द इमानदारीने पोचवणारा दुभाषी आठवा. निशिझाकावर त्याच्याकडून जे मागितलं गेलं ते देण्याचा सराव तो पंचवीस वर्षं करत होता. भाल्याने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं लिहिलं.