विकासशील मनोधारणा

बुद्धी, कौशल्य आणि क्षमता जन्मतःच कायमच्या ठरलेल्या नसून योग्य पद्धतीचा सराव, जाणकारांचे मार्गदर्शन आणि पुरेसा काळ मिळाल्यास त्या वाढविता येतात, असा व्यक्तीचा स्वतःविषयीचा विश्वास म्हणजे विकासशील मनोधारणा होय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या 2006 साली प्रसिद्ध झालेल्या ‘माइंडसेट’ या पुस्तकामुळे ही संकल्पना ‘ग्रोथ माइंडसेट’ या नावाने जगभर पोचली. क्षमता उपजतच ठरावीक असते, ही विरुद्ध समजूत स्थिर मनोधारणा म्हणून ओळखली जाते. या दोन धारणा म्हणजे माणसांचे दोन कप्पे नव्हेत. नवी भाषा शिकताना निःशंक चुका करणारी व्यक्ती गणितासमोर मात्र ‘हे आपल्या डोक्यात नाहीच’ असे म्हणून मागे सरू शकते.

क्षमतेच्या वाढीचा विचार ड्वेक यांच्याही आधीचा आहे. पहिली व्यवहार्य बुद्धिमापन कसोटी 1905 साली तयार करणारे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनीच, मुलाची बुद्धी वाढूच शकत नाही या मताला 1909 मधील आपल्या ग्रंथात कडाडून विरोध केला होता. कसोटीचा हेतू कोणत्या मुलाला अधिक साहाय्य हवे हे ओळखण्याचा होता. पुढे मात्र तीच मुलांवर कायमचा शिक्का मारण्यासाठी वापरली गेली, हे शिक्षणाच्या इतिहासातील एक मोठे दुर्दैव मानावे लागते.

ड्वेक यांच्या संशोधनाचा उगम अपयशाच्या अभ्यासात आहे. मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांनी 1967 साली दाखवून दिले, की ज्या विजेच्या धक्क्यांपासून काही केल्या सुटका नव्हती असे धक्के सोसलेले कुत्रे पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही बहुधा प्रयत्नच करीत नाहीत. या अवस्थेला अर्जित असहायता म्हणजे अनुभवातून अंगी भिनलेली हतबलता असे नाव मिळाले. गणितात अपयश येताच हातपाय गाळणाऱ्या 12 मुलांवर ड्वेक यांनी केलेला प्रयोग 1975 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील काही मुलांना केवळ यश मिळेल अशीच उदाहरणे देण्यात आली, तर उरलेल्यांना अधूनमधून अपयश येऊ दिले आणि त्याचे कारण क्षमतेचा अभाव नसून प्रयत्नांची कमतरता आहे, असे समजावून देण्यात आले. पुढे अवघड उदाहरणे समोर येताच पहिल्या गटातील मुले पूर्वीसारखीच खचली. दुसऱ्या गटातील मुले मात्र टिकून राहिली. मुलांना अपयशापासून जपत राहिल्याने त्यांचा आत्मविश्वास वाढतो, या लोकप्रिय समजुतीला या छोट्या प्रयोगाने दिलेला धक्का आजही विचार करायला लावणारा आहे.

क्लॉडिया म्यूलर व ड्वेक यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांनी कोडी सोडविल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’, तर काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ अशी शाबासकी मिळाली. नंतरच्या कठीण कोड्यांत सर्वांनाच अपयश आल्यावर, पहिल्याइतक्याच सोप्या कोड्यांत हुशारीचे कौतुक झालेल्या मुलांची कामगिरी घसरली आणि मेहनतीचे कौतुक झालेल्यांची सुधारली. आपले गुण अनोळखी मुलांना कळवायचे ठरले, तेव्हा हुशार म्हटल्या गेलेल्या मुलांपैकी जवळजवळ 40 टक्क्यांनी ते वाढवून सांगितले. हुशारी ही जपण्याची प्रतिष्ठा झाली, की प्रत्येक चूक तिच्यावरचा डाग वाटू लागते आणि मूल अवघड कामच टाळते.

अपयश किंवा आपत्तीनंतर पुन्हा उभे राहण्याच्या शक्तीला मानसिक लवचिकता म्हणतात. ती विकासशील मनोधारणेची केवळ दुसरी बाजू नव्हे, कारण तिचा बराचसा भाग व्यक्तीच्या बाहेर असतो. हवाई बेटांपैकी काउआई येथे 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढपणापर्यंत मागोवा घेतला. दारिद्र्य, कौटुंबिक कलह, पालकांचे आजार यांसारख्या अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले सक्षम व जबाबदार प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात कुटुंबातील वा बाहेरील किमान एक तरी भरवशाचे मायेचे माणूस होते, असे पुन्हापुन्हा आढळले.

नवे कौशल्य शिकताना मनोधारणा व लवचिकता या दोन्हींची खरी कसोटी लागते, कारण परिणामकारक शिक्षण बहुधा सुखाचे नसते. रॉबर्ट ब्यॉर्क यांनी 1994 साली मांडलेल्या ‘इष्ट अडचणी’ या कल्पनेनुसार सलग घोकण्याऐवजी मध्ये काळ जाऊ देऊन केलेली उजळणी आणि पुस्तक मिटून आठवण्याचा प्रयत्न यांमुळे तात्पुरती प्रगती मंद दिसते, पण शिकलेले अधिक टिकते. हा संथपणा ज्याला स्वतःच्या कुवतीचा पुरावा वाटतो, तो उत्तम पद्धतही सोडून देतो. हिंदुस्थानी संगीतातील तालमीत एकच पलटा गुरूसमोर पुनःपुन्हा दुरुस्त करून घेणे हे शिकण्याचे नित्याचे अंग असते. तेथे चूक लपविण्याची नव्हे, ऐकून सुधारण्याची गोष्ट ठरते.

या संकल्पनेवरील आक्षेपही गंभीर आहेत. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात मनोधारणा व शैक्षणिक यश यांचा संबंध क्षीण आढळला. डेव्हिड येगर व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील नववीच्या सुमारे 12,000 विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका तासाहूनही कमी वेळाच्या संगणकीय पाठाने गुणांत मागे असलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी 4 पैकी सुमारे 0.1 गुणांकाने वाढली. वाढ लहान होती, पण खर्च व वेळ पाहता नगण्य नव्हती. ड्वेक यांनी स्वतःही निष्फळ प्रयत्नांची पोकळ स्तुती करण्याच्या प्रवृत्तीविरुद्ध इशारा दिला आहे. पद्धत चुकत असेल तर ती बदलून दाखविणे हेच शिक्षकाचे काम होय. शिवाय विद्यार्थ्याच्या अपयशाचे सारे खापर त्याच्या मनोवृत्तीवर फोडून अपुरे शिक्षक, गर्दीचे वर्ग व गरिबी यांकडे डोळेझाक करणे हा या संकल्पनेचा उघड दुरुपयोग आहे. 2019 च्या अभ्यासातही ज्या शाळांत अवघड काम स्वीकारण्याला सोबत्यांची मान्यता होती तेथेच गुणांतील लाभ ठळक दिसला. म्हणून ज्या वर्गात शंका विचारणाऱ्याला हसले जाते, त्या वर्गातील मुलांना मनोधारणेचे पाठ देण्याआधी तो वर्ग बदलणे आवश्यक आहे.