मुखातील जीवाणूंचा रासायनिक संवाद

दात, हिरड्या आणि जीभ यांवर वस्ती करणारे जीवाणू काही रेणू बाहेर सोडतात आणि शेजाऱ्यांनी सोडलेले रेणू ओळखून आपले वर्तन बदलतात. या देवघेवीला रासायनिक संवाद म्हणतात. माणसाच्या तोंडात जीवाणूंच्या सुमारे ७०० जाती आढळल्या आहेत. दातांवरच्या चिकट थरात, म्हणजे प्लाकमध्ये, त्या एकमेकींना खेटून राहतात.

इतिहास : डच संशोधक अंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी दातांवरच्या थरातील हलणाऱ्या सूक्ष्मजीवांचे वर्णन १६८३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवले. जीवाणू आपल्या संख्येचा अंदाज रेणूंवरून घेतात, हे मात्र १९७० च्या सुमारास प्रकाश देणाऱ्या सागरी जीवाणूंत प्रथम उमगले. सभेत गणपूर्ती झाल्यावरच निर्णय व्हावा, तसे हे आहे. म्हणून १९९४ मध्ये त्याला ‘क्वोरम सेन्सिंग’ हे नाव मिळाले.

जातीअंतर्गत संकेत : दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सचा संकेत म्हणजे एक लहान पेप्टाइड. ते २१ अमिनो आम्लांच्या रूपात पेशीबाहेर येते. तेथे टोकाची तीन अमिनो आम्ले तुटून १८ उरतात. दाटी वाढली की त्याचे प्रमाण वाढते. पेशीच्या आवरणातील कॉम-डी हे प्रथिन ते ओळखते आणि आतल्या कॉम-ई प्रथिनाला कार्यान्वित करते. मग जीवाणू म्यूटासिन ही मारक द्रव्ये तयार करतो, तसेच बाहेरचा डीएनए आत घेण्याची क्षमताही मिळवतो. त्याचा प्रतिस्पर्धी स्ट्रेप्टोकॉकस गॉर्डोनाय हे पेप्टाइड विकराने तोडतो आणि संदेश वाटेतच विरतो.

आंतरजातीय संकेत : ऑटोइंड्यूसर-२ हा संकेत अनेक जाती लक्स-एस या विकराच्या साहाय्याने बनवतात. केवळ लाळेवर वाढवलेल्या स्ट्रेप्टोकॉकस ओरॅलिस आणि ॲक्टिनोमायसिस यांचा भरघोस संयुक्त थर होण्यासाठी हा संकेत लागतो, तोही अत्यल्प आणि ठरावीक मात्रेत. मात्रा वाढली तरी थर खुरटतो. सुरुवातीला आलेल्या आणि हिरड्यांच्या रोगाशी निगडित अशा उशिरा येणाऱ्या जीवाणूंना जोडणारा फ्यूजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटमही तो स्रवतो.

महत्त्व : दंतक्षय आणि हिरड्यांचे रोग एकट्या जीवाणूचे नव्हेत, तर संघटित वस्तीचे काम आहे, हे या अभ्यासाने स्पष्ट केले. संकेत अडवणाऱ्या द्रव्यांवर संशोधन सुरू आहे. तोवर ही वस्ती दाट होण्याआधीच मोडण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे रोज नीट दात घासणे.